कंसातली उमरी

सिंदी (रेल्वे)
१२ नोव्हेंबर १९८३

राम राम मंगरू,

माझं नाव ऐकून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. दहा वर्षं तुझ्याकडून मला काहीच आलं नाही, ना राग ना शिवी. निदान आठी तरी पडू दे.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र खरं तर पंचफुलाच्या हातात आहे. पंचफुला, बेटा, तू सातवी पास झालीस असं गिरडच्या एस.टी.त कुणीतरी सांगितलं. फार बरं वाटलं. आता एक कर. बापाच्या उजव्या बाजूला बस, त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आणि सावकाश वाच. हा माणूस घाईत सांगितलेलं काहीच खरं धरत नाही. मी बारा वर्षं त्याच्यासोबत जंगल मोजलं आहे. नकाशे काढणारा मी, पण जरीब, म्हणजे ती मोजणीची लोखंडी साखळी, तिचं पुढचं टोक नेहमी त्याच्या हातात असायचं आणि मागचं माझ्या. त्याची पाठ मी त्याच्या बायकोपेक्षा जास्त पाहिली असेल.

मंगरू, पत्राला कारण झालं. धोंडी नदीवर धरण होणार, ही बातमी तुम्हाला माझ्याआधी कळली असेल. पेपरात बुडणाऱ्या गावांची यादी आली आहे. चार गावं आहेत. त्यांना दुसरीकडे जमीन आणि घराची जागा मिळायची आहे. त्यात तुमची उमरी नाही. मी यादी चष्मा पुसून दोनदा वाचली. उमरी नाही, कारण कागदावर उमरीत कुणी राहतच नाही. पाणी मात्र यादी वाचून येत नाही.

तुमचा टोला म्हणजे राखीव जंगलाच्या आतली छोटी वस्ती, पटवाऱ्याच्या दप्तरात तो कधीच नव्हता. त्याचा कागद म्हणजे आमच्या जंगल खात्याच्या ऑफिसचा नकाशा, आणि त्यात उमरीच्या पुढं 'रीठ' असं लिहिलेलं आहे. पंचफुला, रीठ म्हणजे माणसं उठून गेलेलं, नुसतं नाव उरलेलं गाव. आपल्या जिल्ह्यात अशी गावं पुष्कळ आहेत. इंग्रजांच्या नकाशात होतं तेच मी मराठीत उतरवलं, हे तुझ्या बापाला मी मागंच सांगितलं आहे.

तर झालं असं, की दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या हिनं, अनुसयानं, माझी पत्र्याची पेटी उपडी केली आणि तळाशी इंग्रजांच्या नकाशाचं ते जुनं शीट निघालं. ऑफिसनं जुने कागद मोडीत काढले तेव्हा मी ते घरी आणलं होतं. अजून छान आहे. सागवानाचं हिरवं फिकं पडलं आहे, पण नदी निळीच्या निळी आहे. उमरीपाशी नदी वळते ना, ज्याला तू नदीचा गुडघा म्हणायचास, तो अगदी तसाच आहे.

येत्या २० जानेवारीला समुद्रपूरला हरकती ऐकणार आहेत. तोवर शीट नीट पाहतो आणि कळवतो. अनुसया म्हणते, "मंगरूभाऊले म्हना, दहा वर्षं झाले, दुकानातली शिकेकाई लावून लावून माह्या डोक्याचं काथ्याचं पायपुसणं झालं." तू दरवर्षी तिच्यासाठी रिठ्यांचं गाठोडं आणायचास, ते ती विसरलेली नाही.

तुझा,
वासुदेव


सिंदी (रेल्वे)
३० नोव्हेंबर १९८३

राम राम मंगरू,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमनला मी रोज विचारतो म्हणून तो आता आमच्या गल्लीतून सायकल जोरात काढतो.

शीट पाहिलं. कागद घडीवर फाटला आहे आणि नेमकं उमरीचं नाव घडीत गेलं आहे. नीटसं लागत नाही. माझे डोळेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. त्यामुळं शीटचा काही उपयोग होईलसं दिसत नाही. तुम्ही तुमचा अर्ज करा, टोल्यातल्या सगळ्यांचे अंगठे घ्या. साहेब चांगला असला तर ऐकेल.

सखूची तब्येत कशी आहे? तिच्या हातची अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर अजून आठवते. त्या वर्षी कूप नंबर सातमध्ये सागवान तोडायला काढलं होतं आणि आपण झाडं मोजत होतो. तीन दिवस डबा तिनं पाठवला आणि तू मला सांगितलंस की हा डबा ऑफिसकडून येतो. मी ऑफिसचे आभार मानणारं पत्रसुद्धा लिहिलं होतं!

पंचफुला, इथून पुढचं बापाला वाचून दाखवू नको. तो माझ्याबद्दल काही बोलतो का? घरात कधी माझं नाव निघतं का? चार ओळींचं कार्ड टाक. मी कुणाला सांगणार नाही.

वासुदेव


उमरी, मु. पो. गिरड
१० डिसेंबर १९८३

आदरणीय बाबूजींना पंचफुलाचा नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. 'दाखवू नको' लिहिलं होतं तेही वाचलं, कारण मी थांबले तर बाबा म्हणाले, "थांबली काऊन? कागद तं अजून हाय खाली."

तुमच्याबद्दल बाबा काही बोलत नाहीत. पण एक विचारायला सांगितलं. त्यांचे शब्द तसेच लिहिते : "बाबूजीले म्हना, घडीत गेलेलं नाव मले नोको सांगू. थे पह्यले कोणतं होतं, थे सांग."

आई बरी आहे. टोल्यात सव्वीस घरं आहेत. सगळे तारीख विचारतात.

पंचफुला


सिंदी (रेल्वे)
१९ डिसेंबर १९८३

मंगरू,

घडी उमरीवरून जातच नाही. शीटची घडी नदीच्या पार पलीकडे आहे. नाव स्पष्ट आहे. चष्म्याशिवाय वाचता येतं.

तुझा प्रश्न आला तेव्हा मी शीट पलंगावर पसरून बसलो होतो. अनुसया तांदूळ निवडता निवडता वाकली. तिचं इंग्रजी म्हणजे रेल्वेच्या पाट्यांपुरतं. बोट ठेवून अक्षर अक्षर जोडत म्हणाली, "उमरी... रि... ठा." मी म्हटलं, रीठ. ती म्हणाली, "शेवटी एवढा मोठा 'आ' हाय, तुमी तो कोठं टाकता? रिठाच हाय हे. रिठ्याच्या झाडाची उमरी." मग माझ्याकडं पाहतच राहिली. "घरात डबाभर रिठे होते, दरसाल येत होते, अन् तुमाले तिथं रीठ दिसली?"

ती सुपडं घेऊन आत गेली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बरं झालं. बोलली असती तर मी तिलाही काहीतरी घडीबिडीचं सांगितलं असतं.

आता खरं सांगतो. पंचफुला, सगळं वाच, काही गाळू नको.

एकसष्ट सालचा मे महिना होता. इंग्रजी शीटवरून मराठी नकाशा काढायचा हुकूम आला होता. टेबलावर ट्रेसिंगचं कापड ताणलेलं, खाली शीट. घामाचा थेंब पडू नये म्हणून मी कपाळाला रुमाल बांधला होता. सकाळपासून मी ओसाड गावंच लिहीत होतो. एका ओळीत नऊ गावं झाली. नाव लिहायचं, पुढं कंस, कंसात 'रीठ', कंस बंद. हाताला तेच वळण लागलं होतं. उमरी आली, खाली बारीक तिरप्या अक्षरात Ritha दिसलं, आणि हातानं कंस काढून 'रीठ' लिहून टाकलं. डोळ्यांनी वाचलंच नाही. सहा महिन्यांपूर्वी मी तुझ्या अंगणात बसून जेवलो होतो, त्या गावाला मी ओसाड लिहिलं.

तेव्हाच तू दारात उभा राहिलास. आठवतं? बाजाराला आला होतास, खांद्यावर रिठ्यांचं गाठोडं. तू वाकून नकाशा पाहिलास. अक्षर येत नव्हतं, पण नदीचा गुडघा तू बरोबर ओळखलास. "बाबूजी, हे आमचं गाव?" मी म्हटलं, हो. तू बोट न टेकवता दाखवलंस, "अन् हे दोन वाकडे काय व्हय?" कंसाला विचारत होतास. मी गमतीत म्हटलं, "ते कुंपण आहे. तुझ्या गावाला कुंपण घातलं." किती खूश झालास तू! म्हणालास, "आता रानडुकरं नाई येत."

तू गेलास आणि मी शाई वाळण्याची वाट पाहत त्या कंसाकडं पाहत राहिलो. मला कळलं, मंगरू. अर्ध्या तासात कळलं. बावीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही.

ब्लेडनं खरडता आलं असतं. पण कापडावर खरडलं की तिथं खरबरीत डाग राहतो, शाई पसरते. आधल्याच आठवड्यात एका कापडावर माझ्या हातून शाई सांडली होती आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं. माझं अक्षर म्हणजे ऑफिसची शान, असं तेच साहेब म्हणायचे. मला डाग नको होता. म्हटलं, पुढच्या प्रतीच्या वेळी दुरुस्त करू. पुढची प्रत ह्या प्रतीवरून निघाली, आणि तिच्यापुढची तिच्यावरून. दरवेळी 'रीठ' माझ्याच वळणदार अक्षरात छापून यायचं आणि मी मान वळवायचो.

त्र्याहत्तर साली तू शाळेचा अर्ज नामंजूर झालेला कागद घेऊन माझ्या टेबलाशी आलास. अकरा मुलांची नावं होती. पंचफुला, पहिलं नाव तुझं होतं, मी वाचलं होतं. ओसाड गावात शाळा कशी देता येईल, असा शेरा होता. तुझ्या बापानं एवढंच विचारलं, "बाबूजी, हे कोनं लेह्यलं?" आणि मी चारचौघांत ओरडलो. म्हणालो, इंग्रजांनी लिहिलं आहे, जा विचार इंग्रजांना, तुला नकाशातलं काय समजतं! त्या नकाशातला एकेक दगड ज्यानं मला दाखवला, त्याला मी हे म्हटलं. तू गाठोडं टेबलावर ठेवलंस आणि गेलास. दारातून बाहेर पडणारी तुझी पाठ मला दिसली. तेवढी एकदाच ती पाठ मला पाहवली नाही.

बेटा, शाळा झाली नाही म्हणून तुला सात वर्षांची असताना आश्रमशाळेत राहावं लागलं. आईपासून लांब. ते कुणामुळं, हे आता तुझ्याच तोंडानं तुला वाचावं लागतं आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाही. माफी काय, मागितली की द्यावीच लागते, म्हणून मागत नाही.

२० तारखेला मी समुद्रपूरला येतो. शीट घेऊन येतो. नकाशा माझ्या हातचा आहे आणि चूकही माझ्या हातची आहे, हे लेखी देतो.

वासुदेव


सिंदी (रेल्वे)
२२ जानेवारी १९८४

मंगरू,

तू मागच्या बाकावर होतास. मी आत येताच तुला पाहिलं. केस पांढरे झाले रे तुझे! मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलो, तर पुकारा झाला.

सुनावणीचे साहेब तरुण होते. माझं लेखी वाचलं, मग मोठ्यानं पुन्हा वाचलं. मला वाटलं जमीन फाटावी. म्हणाले, "हे अक्षर तुमचं?" मी म्हटलं, माझं. "कळलं कधी?" मी म्हटलं, त्याच दिवशी. "मग बावीस वर्षं काय केलंत?" मी म्हटलं, "अक्षर सांभाळलं, साहेब." कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं.

पण एक सांगू? शीट टेबलावर उलगडलं आणि तू न बोलावता पुढं आलास, तेव्हा मी आपोआप तुझ्या मागं सरकलो, जरीब धरायचो तसा. साहेबांनी विचारलं, तुम्हाला इंग्रजी येतं का. तू म्हणालास, "इंग्रजी नाई येत. हा नदीचा गुडघा हाय. इथून चालत आलं का आमची विहीर. विहिरीच्या वर दोन रिठे, तिसरा माह्या बापाच्या वक्ती पडला." साहेबांनी भिंग लावलं. विहिरीची निळी खूण निघाली. वर झाडांच्या खुणा होत्या, तीन. चार लाल चौकोनही निघाले, वस्तीचे. साहेब तुझ्याकडं पाहत राहिले आणि मी इंग्रज मोजणीवाल्यांना पहिल्यांदा मनापासून शाबासकी दिली.

साहेब पाहणीला येणार, असं ठरलं. शीट त्यांनी ठेवून घेतलं. मी दिलं. पेटी आता रिकामी आहे आणि अनुसयानं तिच्यात लगेच गोधड्या भरल्या.

बाहेर आलो तर तू एस.टी.त चढला होतास. खिडकीतून तू माझ्याकडं पाहिलंस का? पंचफुला, तूच त्याला विचारून सांग. मला उन्हात दिसलं नाही. बसनं धूळ उडवली आणि मी तिथं उभा राहून, साठीचा म्हातारा, हात हलवत राहिलो. पानठेल्यावरचे लोक पाहत होते.

मला तुझी फार आठवण येते, मंगरू. लिहायला लाज वाटते, पण नकाशात काय काय लिहिलं मी आयुष्यभर, एवढं एक इथं लिहू दे.

वासुदेव


उमरी रिठा, मु. पो. गिरड
१५ एप्रिल १९८४

आदरणीय बाबूजींना पंचफुलाचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मोहफुलांचे दिवस होते, पहाटेपासून सगळे रानात असायचे. साहेब येऊन गेले. सव्वीस घरं मोजली, विहिरीचं पाणी प्यायले, रिठ्यांच्या बुडाशी उभे राहिले. काल कागद आला. यादीत आता पाच गावं आहेत. सोबत नवा नकाशा आहे. त्यात 'उमरी रिठा' असं लिहिलं आहे. मी बाबांना बोटानं दाखवलं. त्यांनी नावाच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "थे वाकडे नाई आता."

पुढच्या वर्षी पाणी येईल आणि आम्ही उठू. म्हणजे गाव आहे असं ठरलं ते जाण्यासाठीच. आईला ह्याचं फार वाईट वाटतं. ती रोज विहिरीवर उगाच बसून येते. मीही जाते. शाळेच्या दिवसांत मला हे गाव फार कमी मिळालं. तुमच्यावर मला राग आला होता, हे लिहिते. तिसरं पत्र मी दोनदा थांबून वाचलं. आता किती उरला आहे ते मला सांगता येत नाही.

बाबांनी उत्तर सांगितलं ते तसंच लिहिते.

"बाबूजीले म्हना, थे कुंपन नाई, कंस व्हय, हे मले तवाच मालूम झालतं. शाळेचा कागद घेऊन गेलतो, त्याच्या पह्यले गिरडच्या मास्तरनं सांगतलं, उठलेल्या गावाले असं घालतात म्हने. म्या मास्तरले म्हटलं, माह्या बाबूजीनं चुकून घातलं असन, मी इचारतो, थो सांगन. म्हनून गेलतो. शाळा मांगाले नाई गेलतो. थो मनानं सांगन म्हनून गेलतो. तं थो इंग्रजावर ढकलून राह्यला. दहा वर्सं म्या काई राग नाई धरला. वाट पाह्यली."

 मला वाटलं संपलं, मी पत्ता लिहायला घेतला. तर म्हणाले, थांब.

"अनुसयाबाईसाठी रिठे पाठवून राह्यलो. ह्या झाडाचे आखरी. त्यातले दहा बाजूले ठेवजो म्हना, बियाले लागतीन. नव्या गावाची जागा मोजाची हाय, सव्वीस घरं अन् एक शाळा. सरकारी मानूस येईन, पन त्याची जरीब कोन धरन? माह्या हातात एक टोक हाय. बाबूजीले म्हना, कुंपन निंघालं. आता येजो."

पंचफुला